युनियनच्या कामावरून कारवाई : एसटीचा वाहक आणि सरकारी लिपिक

दोघांचाही पगार जनतेच्या पैशातून होतो. पण डेपोच्या गेटवर सभा घेतली म्हणून वाहकाला आरोपपत्र मिळालं आणि कचेरीच्या आवारात निदर्शनं केली म्हणून लिपिकाला मिळालं, तर पुढचे रस्ते वेगळे होतात.

वाहकाच्या पाठीशी महाराष्ट्राचा 1971 चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित प्रथा प्रतिबंध कायदा आहे. सूडबुद्धीनं कामावरून काढणं ही त्यात मालकाची अनुचित प्रथा ठरते. 90 दिवसांत तक्रार करता येते, अंतरिम आदेशही मागता येतो. मुख्य म्हणजे न्यायालय मालकाचा हेतू तपासतं. संघटनेच्या माणसासाठी खरी लढाई तिथेच असते, कारण कागदावर कारण नेहमी ‘गैरशिस्त’ असंच लिहिलेलं असतं.

लिपिकाला 1979 चे वर्तणूक नियम लागू. बडतर्फीआधी चौकशीची हमी त्याला घटनेचं कलम 311 देतं, हे कवच भक्कम आहे. पण चौकशी व्यवहार्य नाही असं कारण नोंदवून ती टाळायची वाटही त्याच कलमात आहे. दाद मागायची ती प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटमध्ये. त्यात 2003 च्या तामिळनाडू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा हक्क नाकारला.

नोकरीच्या स्थैर्यासाठी लिपिकाची बाजू बरी. संघटना चालवायची असेल तर मी वाहकाचा कायदा निवडेन. 2021-22 च्या संपात एसटी कर्मचाऱ्यांनी शासनात विलीनीकरण मागितलं. पगाराच्या दृष्टीनं ती मागणी रास्तच होती, पण विलीनीकरणानंतर या कायद्याचं संरक्षण राहील का, हा प्रश्न तेव्हा डेपोडेपोत विचारला जायला हवा होता.