‘स्टेरॉइड नाही’ म्हणून विकलेलं मलम आणि आमच्या लेकीचं बाळसं

लेक पाच महिन्यांची असताना तिच्या तळहात-तळपायांवर फोड आले. टणक, पाण्याने भरलेले, सहज न फुटणारे. घरात लगेच ‘नागीण आहे, गेरू लावा’ सुरू झालं. त्वचारोगतज्ज्ञांना मात्र बुलस पेम्फिगॉइडची शंका आली. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच कातडीचे थर धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर उलटते. एरवी हा म्हातारपणचा आजार, तान्ह्या बाळांत फार विरळा. खात्रीसाठी बायोप्सी, म्हणजे कातडीचा बारीक तुकडा काढून तपासणी, सांगितली.

बायोप्सी म्हटल्यावर घर हादरलं. तेवढ्यात नात्यातल्या एकांनी एका ‘वैद्यां’चा नंबर दिला. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाहिले, “ताई, शंभर टक्के जडीबुटी, स्टेरॉइडचा कणही नाही,” असं सांगितलं आणि कुरिअरने डबी धाडली. अडीच हजार रुपये. पांढरी प्लास्टिकची डबी, झाकणावर पेनाने ‘सकाळ-संध्याकाळ’ एवढंच. आत पिवळसर मलम, कापराचा भपकारा. पैसे तिसऱ्याच कुणाच्या खात्यावर. पावती मागितली तर म्हणे, “आम्ही धंदा करत नाही, सेवा करतो.”

गुण आला, आणि झटपट आला. सापळा तोच असतो. मलम संपलं की फोड परत यायचे. मग “मूळ बाहेर पडतंय” असं सांगून नवी डबी, वाढीव दराने. आता अंगभर लावा, लंगोटाखालीसुद्धा.

हळूहळू गाल गोल झाले. येणारा-जाणारा म्हणायचा, “काय छान बाळसं धरलंय, दृष्ट काढा!” सासूबाई खरंच मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या. कपाळावर आणि गालांवर दाट लव आली, वजन वाढत गेलं, पण लांबी जागची हलेना. बालरोगतज्ज्ञांनी चेहरा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “अंगाला काय लावता?” सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, रक्तात तपासलं तर अगदी खाली. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने ते बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथींनी काम थांबवलं होतं. मलम प्रयोगशाळेत दिलं. निघालं क्लोबेटासोल, सर्वांत तीव्र स्टेरॉइड मलमांपैकी एक.

पुढे बायोप्सी झाली आणि आधीची शंका खरी ठरली. गंमत अशी, की या आजारात डॉक्टरही बरेचदा तीव्र स्टेरॉइड मलमच देतात. पण ते मोजून. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढं म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, असं हिशेबाने, सांगितलेल्या जागीच, आणि फोड थांबले की उतरत्या क्रमाने. बाळाच्या वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त, त्यात लंगोटाखाली झाकलेल्या जागी औषध अधिक शोषलं जातं. ‘वैद्यां’ना यातलं काय ठाऊक असणार!

त्यांना रिपोर्ट पाठवला. उत्तर आलं, “पण गुण आला ना?” नंतर नंबर ब्लॉक. आम्ही डबी, कुरिअरची पावती आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली आहे.

आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि मुदत छापलेली असावी लागते. कोऱ्या डबीतलं काहीही बाळाला लावू नका, देणारा कितीही जवळचा असो. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय क्लोबेटासोल आणू नका. तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं औषध आहे.

आणि असं मलम बरेच दिवस लावत असाल तर हे वाचून आज एकदम बंदही करू नका. डबी घेऊन तडक बालरोगतज्ज्ञांकडे जा. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल बंद पडलेलं असू शकतं. आमच्या लेकीला मलम कमी करताना त्याची भरपाई म्हणून तोंडावाटे हायड्रोकॉर्टिसोन द्यावं लागलं. मध्येच बाळाला ताप आला, उलट्या झाल्या, ते मलूल पडलं, तर थेट इस्पितळ गाठा आणि दारातच सांगा, ‘स्टेरॉइडचं मलम चालू होतं’.