एकताल आणि चौताल: मात्रा बारा, चाल वेगळी

कागदावर एकताल आणि चौताल या हिंदुस्थानी संगीतातील दोन तालांत फरक शोधावा लागतो. दोहोंत १२ मात्रा (ताल मोजण्याची एकके), दोन-दोन मात्रांचे सहा विभाग, १, ५, ९ आणि ११ या मात्रांवर टाळी, ३ आणि ७ वर खाली (टाळी न वाजवता हात बाजूला नेणे). केवळ आकडे मोजून ताल कळत नाही, हे दाखवण्यासाठी याहून चांगली जोडी मला सुचत नाही.

खरा भेद ठेक्यात, म्हणजे वाद्यावर वाजणाऱ्या बोलांच्या (अक्षरांच्या) ठरलेल्या रचनेत आहे. चौतालाचा ठेका, ‘धा धा | दिं ता | किट धा | दिं ता | तिट कत | गदि गन’, पखवाजाच्या खुल्या, घुमणाऱ्या बोलांचा असून तो ध्रुपद या जुन्या गायनप्रकारासाठी वापरला जातो. तेथे गायक दुगुण, चौगुण (दुप्पट, चौपट गती) अशा लयकारीत शिरतो, पखवाजवादकही ठेका सोडून त्याच्या बरोबरीने बोल रचतो, आणि आवर्तनाचा (तालाच्या एका पूर्ण फेरीचा) हिशेब बहुधा हाताच्या टाळीवर राहतो.

एकताल तबल्याचा: ‘धिं धिं | धागे तिरकिट | तू ना | कत् ता | धागे तिरकिट | धी ना’. विलंबित (संथ लयीतल्या) ख्यालगायनात मात्रा इतकी ताणली जाते की तिचे चार भाग मनात धरावे लागतात. अशा वेळी ‘तिरकिट’ हा भरगच्च बोल ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते सांगतो, मात्र तो चौथ्या आणि दहाव्या अशा दोन मात्रांवर येत असल्याने नवख्याने त्यापुढचा बोलही ऐकावा: ‘तू’ आला तर अर्ध्याहून अधिक आवर्तन उरले आहे, ‘धी’ आला तर सम (आवर्तनाची पहिली मात्रा) जवळ आहे. द्रुत (जलद) लयीत हाच ठेका तराण्याला (अर्थहीन बोलांच्या गायनप्रकाराला) वेग देतो.