माळा की बॉक्सचा पलंग? थंडीचं सामान आत टाकण्याआधी

होळी झाली की पुण्यातली दुपारची हवा अगदी कोरडी होते. होळी ते पाडवा हे पंधरा दिवस स्वेटर, शाली, गोधड्या, रजया आवरायला वर्षातले सगळ्यात चांगले. कपड्यात मुरलेली ओल याच हवेत पुरती निघते. जूनमध्ये पाऊस लागला की तीच गोधडी चार-चार दिवस दोरीवर ठेवली तरी आतून सादळलेलीच राहते. प्रश्न उरतो जागेचा. फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा दोनच जागा असतात, वर माळा नाहीतर खाली बॉक्सचा पलंग.

जागा ठरवण्याआधी मोजदाद करा. माणशी दोन पांघरुणं, पाहुण्यांसाठी आणखी दोन, म्हणजे चौघांच्या घरात दहा. या थंडीत जे एकदाही उलगडलं नाही ते पुढच्या थंडीतही उलगडणार नाही. चांगले स्वेटर देऊन टाका. बोहारणीला घालण्याजोगे कपडे लागतात, विटक्या गोधड्या तिच्या कामाच्या नसतात. त्यांची पायपुसणी होतात, किंवा भटक्या कुत्र्या-मांजरांसाठी काम करणाऱ्यांना आधी फोनवर विचारून द्याव्यात.

आता माळा. त्याचा पहिला दोष दाराशीच कळतो. आत उंची दोन फूट असली तरी चौकट आणि पट्ट्या धरून दाराची मोकळी जागा दीड फुटाच्या आसपास भरते, आणि नवा आणलेला डबा तिथेच अडकतो. डबा घेताना माळ्याचं नाही, दाराचं माप घ्या आणि प्रत्येक बाजूला एक इंच कमी धरा. दुसरी गोष्ट वजनाची. स्टुलावर उभं राहून डोक्यावरून सात-आठ किलोपेक्षा जड बोजा उतरवणं धोक्याचं आहे. हाताने शिवलेली साड्यांची गोधडी दोन-तीन किलो भरते, म्हणजे एका बोजात दोन, फार तर तीन. कापसाची गादी तर माळ्यावर चढवूच नये.

माळा कुठल्या भिंतीला आहे ते नीट बघा. पलीकडे बाथरूम असेल किंवा वर थेट गच्ची असेल, तर पावसाळ्यात ओल तिथेच उतरते. रंगाला पोपडे, पांढरी पूड किंवा कोपऱ्यात पिवळा डाग दिसला की तिथे कापड ठेवायचं नाही. सुताराने नंतर ठोकलेला प्लायचा माळा असेल तर खालून एक सरळ पट्टी लावून पाहा. पट्टी मध्ये टेकून दोन्ही टोकांना फट दिसली तर फळी वाकली आहे.

पलंगाची गोष्ट उलटी आहे. वजनाची चिंता नाही, गाद्या-गोधड्या आडव्या मावतात, पाहुणे आले की दोन मिनिटांत हाताशी येतात. पण तो जमिनीलगत असतो आणि चहूबाजूंनी बंद. तळमजल्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेला पलंग पावसाळ्यात आतून कुबट होतो. भिंतीपासून चार इंच लांब ओढा, आणि सुताराकडून डोक्याच्या व पायाच्या बाजूला एकेक इंचाची दोन-दोन भोकं पाडून त्यांना बारीक जाळी मारून घ्या. या एवढ्या कामाने वास बराच कमी होतो. आतल्या कडांना मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे. तिचा बंदोबस्त होईपर्यंत आत काही ठेवू नका.

हायड्रॉलिक पलंगाचे दट्ट्ये विशिष्ट वजनाच्या गादीसाठी बसवलेले असतात. नंतर जाड गादी आणली तर झाकण वर टिकत नाही, आणि जुन्या दट्ट्यातला गॅस गेला तर ते हळूहळू खाली येतं. झाकण अर्ध्यावर सोडून पाहा. घसरलं तर दट्ट्ये बदला, आणि तोवर लाकडी टेकू लावल्याशिवाय आत हात घालू नका. मुलांना जवळ उभं करू नका.

आमचं मत स्पष्ट आहे: गोधड्या आणि रजया पलंगात. माळ्यावर वर्षातून एकदाच लागणारं हलकं सामान जावं: मखर, आकाशकंदील, गुढीचा बांबू आडवा मावत असेल तर तोही. माळ्याची एक बाजू मात्र मानायला हवी. गणपतीच्या आधी मखरासाठी तो उघडतोच, त्यामुळे ऐन पावसाळ्यात तपासणी आपोआप होते. पलंगात बुरशी धरली तर ती दिवाळीपर्यंत कळत नाही. म्हणून श्रावणात ऊन पडलं की पलंग दोन तास उघडा टाका.

लोकर आणि रेशीम मात्र दोन्हीकडे नको. लोकरीची कसर म्हणजे एका छोट्या पतंगाची अळी. तिला लोकर-रेशीम लागतं, त्यातही घामाचा किंवा अन्नाचा डाग असलेलं आधी. त्यामुळे न धुतलेला स्वेटर ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. खळीच्या सुती साड्या आणि कागद खाते ती चंदेरी कसर वेगळी. लोकर-रेशमाला कपाटातला खालचा कप्पा द्या. पैठणी जुन्या, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, तीन-चार महिन्यांनी घडी बदला, आणि तिच्याजवळ डांबरगोळ्या नकोत. जरीचे काठ काळे पडतात. लोकरीत गोळ्या घालायच्याच तर पुरचुंडी बांधून सगळ्यात वर ठेवा, त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरते. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत त्या कधीही घालू नका. काही बाळांमध्ये जन्मतःच जी-६-पीडी नावाचं विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या वाफेने फुटतात. तिथे वेखंडाचे तुकडे पुरेत.

हवा ओढून चपट्या होणाऱ्या पिशव्या पॉलिस्टरच्या रजईला चालतात. कापसाची रजई त्यात दबून गोळे होते, आणि किंचित ओल राहिली तर ती आतच कोंडते.

घरात वयस्कर माणसं एकटी असतील तर माळाही नको आणि जड झाकणाचा पलंगही नको. पत्र्याची ट्रंक दोन विटांवर ठेवा, तळाला वर्तमानपत्राऐवजी जुनी सुती साडी अंथरा, म्हणजे गंजाचा आणि शाईचा डाग लागत नाही.

ठेवायची जागा कुठलीही असो, दोन दिवस अकरा ते चार ऊन द्या, दुपारी बाजू उलटा. घरात आणल्यावर तासभर पंख्याखाली निवू द्या, मगच घडी घाला. बोज्यावर आत काय आहे ते लिहून चिठ्ठी दाराच्या बाजूला येईल अशी चिकटवा.