संत-देवस्थानांच्या नाण्यांच्या नादात २८,५८० रुपये गेले: 'हवी आहेत'ची यादी टाकणाऱ्यांनी वाचाच

नाणी जमवणाऱ्यांनो, तुमची 'हवी आहेत'ची यादी कुठल्या ग्रुपवर टाकलेली असेल तर आधी जाऊन काढा, मग हे वाचा. माझे २८,५८० रुपये त्या यादीपायी गेले.

फसवणुकीचा प्रकार काही नवा नाही. आधी छोटा खरा व्यवहार, मग मोठा खोटा, मग 'रिफंड'च्या नावाखाली आणखी उकळणं. पेपरात असलं रोज येतं आणि 'लोक फसतात तरी कसे' म्हणत आपण पान उलटतो. त्यामुळे तो भाग उगाळत नाही. स्मारक नाण्यांच्या छंदात तो किती चपखल बसतो, तेवढं सांगतो.

माझा संग्रह विषय धरून आहे. संत आणि देवस्थानं. १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, २००२ चं तुकोबांचं दोन रुपयांचं, बसवेश्वर, सेंट अल्फोन्सा, २०१२ ची वैष्णोदेवीची पाच आणि दहाची. यातली बहुतेक एकेकाळी आपल्या सगळ्यांच्या खिशातून गेलेली. म्हणून तर गोडी लागते. भाजीवाल्याकडून परत आलेल्या चिल्लरमध्ये तुकोबा सापडले की दिवस चांगला जातो, हे न जमवणाऱ्याला समजावता येत नाही. पण पुढे गाडी मोठ्या नाण्यांवर येते. बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचं २०१० चं १००० रुपयांचं, विवेकानंदांचं १५० चं, गुरू गोविंदसिंगांचं ३५० चं. ही चलनात फिरतच नाहीत. टांकसाळ बुकिंग घेऊन पेटीत घालून विकते, आणि एकदा बुकिंग संपलं की डीलर सांगेल ती किंमत.

सरसकट जमवणारा महाग वाटलं तर सोडून देतो. विषय घेऊन बसलेल्याला अल्बममधला रिकामा कप्पा झोपू देत नाही. आणि मी त्या रिकाम्या कप्प्यांचा फोटोच टाकला होता, खाली यादीसकट.

दुसऱ्याच दिवशी मेसेज आला. 'सर, तुमचा संग्रह सुंदर आहे. माझ्या वडिलांकडे यातली काही आहेत.' वडील वारले, घरात कुणाला आवड नाही, चांगल्या हातात पडावीत ही इच्छा. पहिल्यांदा त्याने दोन साधी नाणी दिली, ६४० रुपयांना. स्पीड पोस्टने आली, खरी होती, कागदात नीट गुंडाळलेली. हे ६४० मी नुकसानीत धरत नाही. ते त्या माणसाचं भांडवल होतं.

मग यादीतली तिन्ही मोठी नाणी एकदम निघाली. १०००, ३५० आणि १५०. म्हणे प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेली, टांकसाळीच्या पेटीत. किंमत २१,५००. आगाऊ ५,००० आणि उरलेले १६,५०० पार्सल रवाना करताना. आता कुणी म्हणेल, तिन्ही एकाच माणसाकडे, तेही नेमकी तुझ्या यादीतली, शंका नाही आली? आली होती. मी काही दुधखुळा नाही. बाजारभावाच्या निम्म्यात देतो म्हणाला असता तर मी तिथेच ब्लॉक केलं असतं. त्याने भाव फक्त थोडा कमी लावला, घासाघीस केल्यावर अजून पाचशे सोडले, आणि तेही कुरकुरत. चोर असा वागत नाही असं मला वाटलं. चोर असाच वागतो.

शंका आली म्हणून मी वजन मागितलं. १००० चं नाणं ४४ मिलिमीटर व्यासाचं आणि ३५ ग्रॅमचं असतं. ८० टक्के चांदी, २० टक्के तांबं. त्याने व्हिडिओ पाठवला. फुलाफुलांचं प्लास्टिकचं टेबलक्लॉथ, त्यावर छोटा डिजिटल काटा, काट्यावर नाणं. आणि डिस्प्लेवर त्याचा अंगठा. अर्धा आकडा झाकलेला. डावीकडचा अंक दिसतोय न दिसतोय, तोवर अंगठा तसाच ठेवून त्याने नाणं उचललं. तो अंगठा मला आज डोळे मिटले तरी दिसतो. नखाला पिवळा रंग लागलेला होता, इतका नीट मी तो पाहिला, आणि तो तिथे काय करतोय हे विचारलं नाही. म्हणजे विचारलं, 'आकडा नीट दिसत नाही' असं लिहिलं. उत्तर आलं, 'सर, विश्वास नसेल तर राहू द्या. दुसरे दोघे थांबलेत.' यावर मी काय लिहिलं असेल? 'सॉरी, तसं नाही.' त्या भामट्याला मी सॉरी म्हटलं! आणि लगेच ५,००० पाठवले.

पार्सल आलं, तेही वेळेवर. मखमली पेटी, होलोग्राम लावलेला 'अस्सलपणाचा दाखला'. पेटी आधी पाहू नका, दाखला तर नाहीच. कुठल्याही छापखान्यात निघतो. भिंग घ्या आणि अशोकस्तंभाखालची अक्षरं बघा. माझ्या नाण्यावर 'सत्यमेव'मधला 'मे' आणि 'व' एकमेकांत वितळले होते. टांकसाळीत ठशाने दाबून पाडलेल्या नाण्याची अक्षरं सुरीसारखी उठतात. साच्यात ओतलेल्याची अशी सुजतात. कडेवरच्या रेघाही एका जागी कानशीने घासून काढलेल्या, ओतकामाचा सांधा लपवायला. वजन भरलं २६.८ ग्रॅम. ओळखीच्या सोनाराकडे गेलो, त्याने कसाला लावून परत दिलं. 'साहेब, यात चांदीचा वाससुद्धा नाही.'

लोहचुंबक लावून बघितलं होतं का, असं विचारणाऱ्यांसाठी: ते चिकटलं नाही, आणि त्यातून काही सिद्धही होत नाही. जर्मन सिल्व्हरलाही चिकटत नाही, आणि त्यात चांदी नसतेच, तांबं-निकेल-जस्त असतं.

मी कळवल्यावर तो माणूस भडकला नाही, उलट माफी मागितली. 'वडिलांनाच कुणीतरी फसवलं असेल, पूर्ण पैसे परत करतो.' त्यासाठी परतावा शुल्क २,३६०. म्हणजे २,००० अधिक १८ टक्के जीएसटी, चोख हिशेब. मग 'पडताळणी शुल्क' ४,७२०, पुन्हा ४,००० वर १८ टक्के, आणि सोबत रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र. २१,५०० अडकलेला माणूस आणखी सात हजार कसे देतो, हे ज्याचे अडकलेत त्यालाच कळतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि ती असलं शुल्क-कमिशन कधीच मागत नाही. हे निवेदन मला नंतर सापडलं. नाण्याच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेचं पत्र आलं की समोरचा ठग आहे, बस.

आता यंत्रणा. बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी मान वर न करता विचारलं, 'पिन तुम्हीच टाकला ना?' हो. 'मग हा अनधिकृत व्यवहार नाही.' विषय संपला. लेखी उत्तर मागितलं तर ईमेल करा म्हणाल्या. ईमेलला आपोआप पोच आली, 'तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' पोलीस ठाण्यात म्हणाले सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, वस्तू पोस्टाने मिळाली आहे ना, मग ही साधी फसवणूक, तुमच्या ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर हवालदारसाहेबांनी नाणं बोटात फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, 'यावर हजार लिहिलंय. मग साडेएकवीस हजार कशाला दिले?' हशा. मी समजावायला गेलो की साहेब, साडेएकवीस तीन नाण्यांचे, आणि ही किंमत संग्राहकांची असते. 'मग चूक तुमचीच.'

मी म्हटलं, ठीक आहे, माझे पैसे राहू द्या. पण सरकारचं नाणं कुणीतरी घरात ओततोय. भारतीय न्याय संहितेत कलम १७८ नकली नाणी-नोटांसाठी आहे, ३१८ फसवणुकीसाठी. उत्तर काय? 'हे बाजारात चालतच नाही, मग नकली चलन कसं?' वीस रुपयाची नकली नोट घेऊन गेलो असतो तर धावले असते. शेवटी नुसता अर्ज घेतला, शिक्का मारून दिला, एफआयआर नाही. ज्या खात्यात पैसे गेले त्याचा नंबर, फोन नंबर, पोस्टाची पावती, सगळं त्या अर्जाला जोडलंय. कुणी पान उलटून पाहिलं असेल असं वाटत नाही. पार्सलवरचा पत्ता खोटा निघाला, हेही मीच जाऊन शोधलं. ग्राहक आयोगाचं म्हणाल, तर नोटीस कुठे पाठवायची?

पैसे गेल्यागेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. ठाण्याच्या चकरा नंतर. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आली तरच काही हाती लागतं. मी तो उशिरा केला, कारण तोवर तो रिफंड देतोच म्हणत होता आणि तक्रार केली तर देणार नाही ही भीती. तेवढ्यासाठीच ते रिफंडाचं नाटक असतं, तुम्हाला चार दिवस गप्प ठेवायला.

मोठं नाणं हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. प्रदर्शनात जा, स्वतःचा काटा न्या, डीलरला राग आला तर येऊ द्या. व्हिडिओच हवा असेल तर त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी नाण्याशेजारी आणि काट्याचा आकडा पूर्ण उघडा, एवढं तरी मागा. मोबाइलवर काहीही दावे फिरोत, वैष्णोदेवीचं पाचचं नाणं कुणी लाखात घेत नाही, आणि ईस्ट इंडिया कंपनीने १८१८ साली राम दरबाराची नाणी पाडलीच नव्हती. देवाचं नाव दिसलं की आपला हात खिशाकडे जातो हे त्यांना पक्कं माहीत आहे.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर तेच १००० चं नाणं विक्रीला दिसलं. तेच फुलाफुलांचं टेबलक्लॉथ, नाव वेगळं, या वेळी वारलेले आजोबा. मी खाली 'हे बनावट आहे, माझ्याकडे पुरावे आहेत' असं लिहिलं. ॲडमिनने 'विक्रेत्यांना त्रास दिल्याबद्दल' मलाच बाहेर काढलं. स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय, पोलिसांच्या त्या अर्जाला तोही जोडणार आहे.