छोट्या विमानात मिनी की मोठा टॅबलेट? इंदूरच्या उन्हातला हिशेब

विमान उडवताना लागणाऱ्या कागदी चार्टांची, म्हणजे नकाशांची, जाडजूड पिशवी सोडून टॅबलेट घ्यायचं ठरलं, की पहिला प्रश्न आकाराचा येतो: ८.३ इंची आयपॅड मिनी, की ११ इंची साधा आयपॅड?

व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून उडत असाल, तर मी मिनीच घ्या म्हणेन. कारण योक, म्हणजे विमान वळवायचं-उचलायचं हँडल. सेसना १५२ मध्ये दोघं बसले की खांद्याला खांदा लागतो आणि मांडीवर वीतभर जागा उरते. मोठा टॅबलेट मांडीला बांधलेला असेल, तर फ्लेअरला, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलायला, योक मागे ओढताना तो टॅबलेटच्या कडेला अडू शकतो. धावपट्टी पाच फुटांवर आलेली असताना हे कळून उपयोग नाही. मोठाच घ्यायचा असेल, तर इंजिन बंद असताना सीटवर बसा, पट्टा आवळा, टॅबलेट बांधा आणि योक पोटापर्यंत ओढून दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. मिनी ३०० ग्रॅमच्या आत आहे. थोड्या वेळाने तो मांडीवर आहे हेही विसरायला होतं.

इन्स्ट्रुमेंट अप्रोचला, म्हणजे यंत्रांच्या आधारे उतरायला येताना, मात्र मोठ्याचंच पारडं जड. विमानतळ प्राधिकरणाच्या ई-एआयपीतले, म्हणजे ऑनलाइन वैमानिकी माहितीपुस्तिकेतले, चार्ट फुकट मिळतात, पण ते ए-फोर मापाचे. मिनीवर ते निम्म्यापेक्षा थोडेच मोठे दिसतात, ११ इंचीवर पाऊणपट. पावसाळी ढगात विमान हलत असताना किमान उंचीचा आकडा झूम करून शोधत बसणं मला मान्य नाही. आयएफआर, म्हणजे यंत्रांच्या आधारे उड्डाण, करणाऱ्याने मोठाच घ्यावा.

वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. सेल्युलर मॉडेलमध्ये असतं, आणि त्याला सिम किंवा नेट लागत नाही. नकाशे घरूनच उतरवून घेतले असतील, तर भोपाळला जाताना देवास मागे पडून नेटवर्क गेलं तरी विमानाची जागा दिसत राहते. म्हणून आकार कोणताही घ्या, पैसे सेल्युलरवर घाला. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेत वाय-फाय मॉडेललाही जीपीएस असतं, पण वैमानिकांचं नकाशांचं अ‍ॅप फोरफ्लाइट अँड्रॉइडवर चालत नाही. गार्मिन पायलट हे तसंच अ‍ॅप दोन्हीकडे चालतं. वर्गणी भरण्याआधी त्यात भारताचे चार्ट येतात का, ते तपासा.

आणि ऊन. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच वापरावा, असं अ‍ॅपल स्वतःच सांगतं. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळीस गाठतोच. एकदा प्रीफ्लाइट, म्हणजे उड्डाणाआधीची तपासणी, आटपेपर्यंत मी माझा जुना टॅबलेट समोरच्या काचेखाली ठेवला. विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेताना पडदा मंद होत गेला, तापमानाची सूचना आली आणि नकाशा गेला. तेव्हापासून काचेला चिकटणारं स्टँड मी वापरत नाही. मांडीवर, सावलीत, कव्हर काढून ठेवतो. चार्जही घरूनच पूर्ण करून आणतो, कारण चार्जिंगने तो आणखी तापतो. चुंबकाचं कव्हर होकायंत्रापासून लांब ठेवा. पोलराइज्ड गॉगल लावत असाल, तर दुकानातच पडदा उभा-आडवा धरून बघा. एखाद्या कोनात तो काळाठिक्कर दिसू शकतो.

चार्ट २८ दिवसांच्या चक्राने बदलतात, तेव्हा आदल्या रात्री अपडेट बघतोच. तरीही जायच्या ठिकाणाचे आणि इंदूरचे चार्ट रामबागेतल्या दुकानातून छापून घेतो आणि मगच विमानतळाकडे निघतो.