सियागंजातला ‘जर्मन’ टॉर्क्स सेट : पैसे गेलेच, चाकूचा स्क्रूही गेला

घडीचा चाकू स्वतः उघडून साफ करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. इंदूर, देवास, उज्जैनकडच्या मंडळींनी तर जरूर वाचावं, कारण ‘जर्मन’ म्हणून विकला जाणारा हा नकली पेचकसांचा सेट आपल्याच बाजारात फिरतोय. हजार-अकराशे रुपये बुडाले तर माणूस चरफडतो आणि विसरतो. पण पेचकसाचं कच्च्या लोखंडाचं टोक चाकूच्या स्क्रूत गोल फिरलं की तो स्क्रू कायमचा जातो, आणि बाहेरच्या कंपनीच्या चाकूचा सुटा स्क्रू इंदुरात शोधून मिळत नाही.

रिव्हेट मारलेल्या स्विस चाकूंना ही भानगड नसते. कोमट पाण्यात उघड-मीट करायची, नीट वाळवायचं, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा, झालं. स्क्रूने जोडलेला चाकू मात्र कधीतरी उघडावाच लागतो. पावसाळ्यात जानापावला किंवा पातालपाणीला नेला, त्यावर आंबे-पेरू कापले, की रस आणि बारीक माती पात्याच्या मुळाशी बसते आणि तिथूनच गंज धरतो. या चाकूंना बहुतेक टॉर्क्स स्क्रू असतात, बाजारात ज्याला ‘स्टार’ म्हणतात ते. पातं ज्या स्क्रूवर फिरतं तो सहसा टी-८ किंवा टी-१० मापाचा, आणि खिशाला अडकवायच्या क्लिपचे टी-६. अमेरिकेतल्या कॅमकार टेक्स्ट्रॉन कंपनीने १९६७ मध्ये हा सहा पाकळ्यांचा आकार काढला. त्यात जोर पाकळ्यांच्या भिंतींवर वाटला जातो, म्हणून अवजार निसटत नाही. अट एकच : टोक मापात हवं आणि कडक हवं. टी-८चं समोरासमोरच्या पाकळ्यांमधलं माप जेमतेम २.३ मिलिमीटर. एवढ्याशा टोकात पोलाद हलकं निघालं तर सगळा आकारच फुकट जातो.

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या एका दुकानात मला जो सेट दाखवला, त्याच्या डबीवर एका नामांकित जर्मन कंपनीचं नाव होतं, दांड्यांवर ‘एस-२’ कोरलेलं होतं आणि किमतीचं स्टिकर होतं २,४९९ रुपयांचं. एस-२ म्हणजे धक्का सोसणारं अवजारी पोलाद. चांगल्या कंपन्या आपली बिटं, म्हणजे ड्रायव्हरची टोकं, त्याची करतात आणि त्याला पाणी देऊन सहसा रॉकवेल (कडकपणाचं माप) ५८ ते ६०च्या आसपास कडक करतात. दुकानदाराने भाव ११०० सांगितला. मी एवढा स्वस्त कसा म्हणून विचारलं, तर गल्ल्यातून चुंबक काढून दांडीला चिकटवलं. “देख लो भिया, असली स्टील है, नकली पे चिपकेगा क्या?”

हा चुंबकाचा खेळ प्रत्येकाने लक्षात ठेवा, कारण हा त्यांचा ठरलेला डाव आहे. चुंबक साध्या खिळ्यालाही चिकटतं, कच्च्या लोखंडालाही आणि उत्तम एस-२लाही. त्यावरून कडकपणा तसूभरही कळत नाही. दुसरा डाव चकाकीचा. टोकापर्यंत आरशासारखा क्रोमचा मुलामा होता. त्या मुलाम्याखाली काय आहे ते दिसत नाही, आणि जाड मुलाम्याने पाकळ्यांच्या कडाही बोथट होतात. म्हणूनच कित्येक चांगल्या ड्रायव्हरांची टोकं मुद्दाम काळसर, मुलाम्याशिवाय ठेवलेली असतात.

पक्कं बिल मागितलं तर “मशीन बंद है, कल ले जाना” म्हणाला आणि एका चिठोऱ्यावर ‘मिक्स टूल ११००’ लिहून दिलं. दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही, तारीख नाही.

घरी पात्याचा स्क्रू उघडायला घेतला. कारखान्यातून त्याला लॉकटाइटसारखं आट्यांना धरून ठेवणारं रसायन लावलेलं होतं. तसं ते बहुतेकदा असतं. त्यासाठी सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवून ठेवलं, म्हणजे ते मऊ पडतं. मग टी-८ सरळ दाबून हळू फिरवला. स्क्रू जागचा हलला नाही, ड्रायव्हरचं टोकच पिळवटलं आणि फिरता फिरता स्क्रूच्या पाकळ्या खाऊन गेलं. नीट पाणी दिलेलं टोक जास्तीच्या जोराला फार तर कट्कन तुटतं, स्क्रू वाचतो. कच्चं टोक तुटत नाही, ते मेणासारखं वळतं आणि जाताना स्क्रूलाही घेऊन जातं. मला राग आला तो याचा. चाकू बनवणाऱ्याने इतक्या काळजीने केलेलं काम, आणि मध्ये कुणीतरी चार पैशांसाठी हे कचकड्याचं अवजार विकतो.

स्क्रूचं डोकं हँडलपेक्षा थोडं वर उठलेलं होतं, एवढंच नशीब. सराफ्यातल्या एका कारागीर काकांनी दागिन्यांच्या बारीक करवतीने त्यावर आडवी खाच पाडली आणि चपट्या पेचकसाने तो बाहेर काढला. हँडलला ओरखडे आलेच. काकांनी पिळवटलेलं टोक हातात घेतलं, त्यावर कानस फिरवली, आणि लोखंडाचा चुरा टेबलावर पडला. “इसमें तो पानी ही नहीं है बेटा.” चांगली कानस रॉकवेल ६२च्या वर असते. ती नीट पाणी दिलेल्या बिटावरून घसरते, फार तर हलकी चमक उमटते. इथे ती लोण्यात शिरल्यासारखी शिरली.

दुकानात परत गेलो तर दुकानदार म्हणाला, “ये माल हमारा है ही नहीं.” आता जे सांगतोय ते जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. बिलावर माल परत घ्यायची मुदत लिहिली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. माझ्याकडे बिल नव्हतं, पण पैसे यूपीआयने दिले होते आणि त्यात दुकानाचं नाव, तारीख, रक्कम सगळं होतं. तेवढ्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता आली. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी तिथे शुल्क लागत नाही. अशा दुकानात रोख पैसे देऊच नका.

आता घेताना काय बघायचं ते. मोठा सेट नको. बत्तीस बिटांच्या डबीतली एकोणतीस तुम्ही कधी हातात धरणार नाही, आणि त्या किमतीत प्रत्येक बिट चांगलं असणं शक्यच नाही. तेवढ्याच पैशांत टी-६, टी-८ आणि टी-१० असे तीन सुटे प्रिसिजन ड्रायव्हर घ्या, पाठीमागे फिरती टोपी असलेले, म्हणजे तळव्याने दाबून बोटांनी फिरवता येतात. टोकाच्या मधोमध भोक असलेलं बिट टाळा. ते मध्ये खुंटी असलेल्या स्क्रूंसाठी असतं. टी-६, टी-८च्या टोकात मुळातच जीव नसतो, त्यात भोक पाडलं की भिंती आणखी पातळ होतात. नकली सेटमध्ये बहुधा सगळीच बिटं भोकाची असतात, कारण एकाच मालात दोन्ही गिऱ्हाइकं भागतात.

खिशात एक छोटी सुई-कानस आणि त्या मापाचा एखादा सुटा स्क्रू ठेवा. बाजारात चाकू न्यायची गरज नाही. टोकाच्या जरा वर, दांडीच्या कडेला कानस एकदाच घासायची परवानगी मागा. खरा माल विकणारा हरकत घेत नाही, फार तर घेतल्यावर घासा म्हणेल. मग स्क्रू टोकावर बसवून ड्रायव्हर आडवा धरा. स्क्रू डुगडुगता कामा नये.

त्याच दुकानात माझ्या गळ्यात ‘डायमंड’ धारपट्टीही मारायचा प्रयत्न झाला, आणि ‘खास चाकूचं तेल’ म्हणून एक इवलीशी बाटली ३५० रुपयांना. तेलासाठी दवा बाजारातून लिक्विड पॅराफिनची बाटली आणा, फळं कापायच्या चाकूला तेच बरं. खोबरेल घालू नका, ते थंडीत थिजतं.

नकली डबीच्या खुणाही सांगून ठेवतो. पाकिटबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, आयात मालावर मूळ देश, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा संपर्क छापणं २०११च्या नियमांनी बंधनकारक आहे. माझ्या डबीवर एमआरपीच्या स्टिकरखेरीज यातलं काहीच नाही. आत निळा फोम आहे, झाकणावर झेंड्याचं चित्र आहे, आणि ‘एस-२’ ही अक्षरं प्रत्येक दांडीवर वेगळ्या उंचीवर उमटलेली आहेत. अशी डबी कुणाला विकली गेली असेल तर ती फेकू नका. चिठोरं, यूपीआयची नोंद आणि डबीच्या सगळ्या बाजूंचे फोटो काढून १९१५वर तुमची तक्रारही टाका. एकाच दुकानाविरुद्ध चार तक्रारी नोंदलेल्या असल्या तर मला आयोगात बोलायला आधार होईल.