चौदा महिने रॅस पाळल्यावर: सगळा हिशेब झाकणापाशी येऊन थांबतो

गेल्या गुरुवारी ऑफिसातून घरी आलो तर फेअरी रॅस टाकीत नव्हता. रॅस म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळतात ते समुद्रातले रंगीत मासे, फेअरी ही त्यातली एक जात. कॅबिनेट आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत सापडला, वाळून कडक झालेला. मासा ४,२०० रुपयांचा होता. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण जास्त लागलं ते हे की टाकीवर झाकण होतं. चांगलं जाळीचं, मी स्वतः उभं राहून करून घेतलेलं. गाळलेलं पाणी परत आणणारा रिटर्न पाइप आत शिरतो त्या कोपऱ्यात तेवढी ३ सेंटीमीटरची फट राहिली होती, आणि तो नेमका तिथूनच गेला.

रॅसबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, ते आज या तिडिकेने लिहितोय. टाकी चार फुटी, खाली सम्प (पाणी गाळायची दुसरी टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), खारटपणा विशिष्ट गुरुत्वात १.०२५, तापमान २६ अंश. टाकी पाळणाऱ्यांना हे सगळं माहीत असतंच. चौदा महिन्यांत तीन रॅस पाळले: सिक्स लाइन, येलो कोरिस आणि हा सोलोर फेअरी.

आधी झाकण. रॅस घाबरला की वर उसळतो, ही त्याची जातच आहे. समुद्रात वर उसळून तो परत पाण्यातच पडतो, आपल्या घरात फरशीवर पडतो. काचेचं किंवा ॲक्रिलिकचं झाकण मी लावलं नाही, कारण त्याने हवा कोंडते आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये पाणी आणखी तापतं. दुकानदाराने मापाच्या जाळीचे साडेसहा हजार सांगितले. मी खिडक्यांना मच्छरजाळी बसवणाऱ्या स्लायडिंगवाल्याकडे गेलो आणि ॲल्युमिनियमची चौकट ११०० रुपयांत करून घेतली. पहिल्यांदा त्याने नेहमीची काळी मच्छरजाळी ताणली, ती चूक ठरली. बारीक भोकांत मीठ साचून आठवड्यात ती पांढरी झाली, खाली प्रकाश कमी पडायला लागला आणि कोरल (प्रवाळ) मिटून राहायला लागले. मग पारदर्शक नायलॉनची ६ मिलिमीटर भोकांची जाळी लावली. प्रकाश छान येतो आणि महिन्यातून एकदा नळाखाली धरली की स्वच्छ होते. स्क्रू मात्र स्टेनलेसचेच मागा. साधे स्क्रू दोन महिन्यांत गंजले आणि त्यांचं तांबडं पाणी टाकीत ठिबकण्याच्या आत ते काढावे लागले.

पाइपच्या कोपऱ्याचं काम राहिलं. स्लायडिंगवाला म्हणाला होता, "साहेब, इथे खाच पाडून द्यायची तर दीडशे जास्तीचे होतील." मी नको म्हटलं. फट एवढीशी, मासा एवढा मोठा, काय होणार, असं वाटलं. फेअरी ११ सेंटीमीटरपर्यंत वाढतो खरा, पण त्याची लांबी पाहून फसू नका, त्याच्या अंगाची जाडी बघा. तुमची दोन बोटं जिथून जातात तिथून तो जातो.

आता येलो कोरिसबद्दल, कारण या सगळ्यात निखळ आनंद त्याने दिला. नावात कोरिस असलं तरी हा कोरिस नाही, याचं शास्त्रीय नाव हॅलिकोएरिस क्रायसस. हा फरक महत्त्वाचा आहे. त्याच दुकानात मला "रेड कोरिस" नावाचं बोटभर नारिंगी पिल्लू दाखवलं होतं, पाठीवर काळ्या कडेचे पांढरे डाग, बघताक्षणी घ्यावंसं वाटणारं. "एवढाच राहतो," असं दुकानदार म्हणाला. तो खरा कोरिस, कोरिस गायमार्ड. समुद्रात तो ४० सेंटीमीटरपर्यंत जातो आणि मोठा झाला की खाणं शोधायला दगड उलथे करतो. चार फुटी टाकीत तो आणणं म्हणजे त्या माशावर अन्याय आहे. घरी येऊन वाचलं म्हणून वाचलो. त्या दुकानदाराचा मला अजूनही राग आहे.

येलो रात्री वाळूत पुरून झोपतो. त्यासाठी ५-६ सेंटीमीटर बारीक वाळू हवी. जाड चुरा टाकलात तर त्याचं अंग खरचटतं. आणला त्या दिवशी त्याने वाळूत बुडी मारली ती पाच दिवस वर आलाच नाही. चौथ्या दिवशी धीर सुटून मी हाताने वाळू चाळली. असं करू नका. लांबून आलेल्या माशाची दिवसरात्र उलटलेली असते, तो आपल्या वेळेने वर येतो. आला तो थेट भूक घेऊनच. गोठवलेल्या मायसिसचं (माशांना घालायच्या झिंग्यासारख्या बारीक जीवांचं) पाकीट परवडेना म्हणून मी गणेश पेठेतल्या मासळीबाजारातून ताजा जवळा आणतो, आरओच्या पाण्यात धुऊन, बारीक चिरून, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो. तो जवळ्यावर तुटून पडतो. काचेवरचे तांबडे चपटे किडे दीड महिन्यात दिसेनासे झाले, तेही त्याचंच काम. छोटे झिंगे पाळायचे असतील तर मात्र विचार करा.

संध्याकाळी त्याची झोपायची वेळ इतकी ठरलेली आहे की आई म्हणते, "पिवळी गेली खाली, दिवा लावते." आणि त्याच्या पाठीच्या परावरचे काळे ठिपके कमी होतायत हेही तिनेच आधी पाहिलं. रॅसमध्ये मादीचा नर होतो. मादीच्या परावर दोन-तीन ठिपके असतात, नराकडे पुढचा एकच उरतो. आमच्या पिवळीचा मधला ठिपका नवव्या महिन्यात पुसट झाला, आता तो शोधावा लागतो. गालांवर हिरवट-नारिंगी रेघा उमटल्यात. आई तिला अजून पिवळीच म्हणते.

सिक्स लाइन घ्या, डोळे झाकून घ्या. स्वस्त, चिवट, बोटाएवढा, पहिल्या दिवसापासून सगळं खाणारा. गुरुवारच्या प्रकाराला वीजच जबाबदार आहे. आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, दिवे एकदम बंद होतात आणि मासा दचकून उडतो.

वरचा परिच्छेद रविवारी लिहिला होता. पुसत नाही, पण तो चुकीचा आहे. टाकीवर लक्ष ठेवायला लावलेला कॅमेरा इन्व्हर्टरवर चालतो, त्याचं चित्रण सोमवारी रात्री बसून पाहिलं. दुपारी ३ वाजून १२ मिनिटांनी दिवे गेले. अंधार झाला म्हणून फेअरी झोपायला खडकाच्या कपारीत शिरला. फेअरी आणि सिक्स लाइन दोघेही वाळूत नाही, कपारीत झोपतात, अंगाभोवती चिकट कोष विणून. ती कपार सिक्स लाइनची होती. त्याने फेअरीला हुसकावून काढलं, पुन्हा काढलं, तिसऱ्यांदा फेअरी सरळ वर सुटला. सकाळपासून पाठलाग चालू होता, तोही दिसला. सिक्स लाइन टाकीत आधीपासून होता, मागून आलेल्याला त्याने जागा दिली नाही. मला हे पाच महिने दिसलं नाही, कारण मी घरी असतो तेव्हा दिवे चालू असतात आणि टाकी शांत असते.

म्हणून माझं मत बदललंय. सिक्स लाइन घ्यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी सोडा. दुकानदाराला परत घे म्हटलं, फुकट घे म्हटलं, तो "मासा परत घेत नाही" एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. दोन लिटरची बाटली कापून, आत जवळा ठेवून सापळा केला. तिसऱ्या दिवशी सापडला. आता एका मित्राच्या टाकीत मोठ्या टँग माशांबरोबर आहे, तिथे त्याचं कुणापुढे चालत नाही.

क्लीनर रॅसबद्दल विचारणारे खूप आहेत. नका घेऊ. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगणारा मासा आहे, घरच्या टाकीत बहुतेक वेळा उपाशी मरतो. २०१९ साली छापून आलेल्या एका प्रयोगात जपानी संशोधकांनी त्याच्या गळ्यावर तपकिरी खूण केली, तर आरशात पाहून तो ती खूण वाळूवर घासून काढायला लागला. एवढी समज असलेला जीव आपण भुकेने मारायचा, हे मला बघवणार नाही.

काल स्लायडिंगवाल्याकडून कोपऱ्याची खाच करून आणली. त्याने दीडशेच घेतले. पाइपभोवती जाळी तंगूसने शिवून घेतली आणि टाकीचा निळा दिवा इन्व्हर्टरवर टाकला, म्हणजे वीज गेली तरी एकदम अंधार होणार नाही. चौकट बसवल्यावर चारही कोपऱ्यांत करंगळी घालून पाहिली. कुठेच जात नाही.